रत्नाबाईची डिस्क, हेमलताची डिस्क

धरणाखाली गेलेल्या शेताच्या बांधावरून होडीत बसून भांडणारे दोन भाऊ मी या डोळ्यांनी पाहिलेत. एकानं ‘बांध हितं व्हता’ म्हणून पाण्यात वेळू रोवला. दुसऱ्यानं तो उपटून पलीकडं रोवला. मधल्या मध्ये एक मरळ मासा अडकला, तो कुणाच्या हद्दीत पोहावं या काळजीनं दिवसभर जागचा हलला नाही. खोटं वाटत असेल तर मुळशीला या, माशाची गाठ घालून देतो. पण रत्नाबाई आणि हेमलता या दोघी जावांचं भांडण पाहिलं आणि मला ते होडीतले भाऊ भजनी मंडळातले वाटायला लागले.

दोघींचं घर माझ्या घराला लागून. खाली एकच लांबलचक ओसरी, वर भाड्याच्या खोल्या. नवरे दोघींनाही आहेत, पण भांडणात त्यांना मत नाही, म्हणून त्यांची नावं सांगत बसत नाही. रत्नाबाई थोरली, हेमलता धाकटी. थोरली शिव्या देते तेव्हा ओट्यावरचं दही विरघळून पुन्हा दूध होतं. धाकटीनं उत्तर दिलं की ते दूध नासतं. त्यामुळं त्या घरात चहा बहुतेक कोराच असतो.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर वाटणी झाली. कोर्टात जायला दोघींनाही सवड नव्हती, कारण कोर्टात गेलं तर घरी भांडायचं कोणी? म्हणून पंच म्हणून मला बसवलं. रान वाटलं, भांडी वाटली, दारातल्या फणसाची सकाळची सावली थोरलीला आणि दुपारची धाकटीला दिली. ओसरीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. वरच्या खोल्या वाटल्या तेव्हा खोल्यांतली माणसंही वाटली गेली. ज्ञानदा म्हणून नांदेडची एक मुलगी होती, हिंजवडीच्या कंपनीत कामाला, पण काम बहुतेक खोलीत बसूनच करायची. ती हेमलताच्या वाटणीला आली. तिनं रत्नाबाईच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही, असं हेमलतानं त्याच दिवशी बजावलं.

शेवटी उरला लॅपटॉप.

दोघींच्या सासऱ्यानं जाण्याआधी दोन नातवंडांना मिळून एक लॅपटॉप घेऊन दिला होता. रत्नाबाईची अपेक्षा लवळ्याच्या कॉलेजात आर्किटेक्ट व्हायला शिकत होती. हेमलताचा ऋषिकेश पौडला कॉलेजात जात होता, निदान घरातून तरी तो त्याच नावाखाली निघायचा. ऋषिकेशच्या गेममुळं माझ्या नकाशांना जागा उरत नाही, असं अपेक्षाचं म्हणणं. तिनं माझे गेम पुसले, असं ऋषिकेशचं. दोघांच्या आयांचं म्हणणं इथं लिहिता येणार नाही.

“तोडा मधनं,” हेमलता म्हणाली. “पडदा त्यांना, बटनं आमाला.”

तेव्हा जिन्यात उभी असलेली ज्ञानदा म्हणाली, “आबा, तोडायची गरज नाही. या लॅपटॉपमध्ये आणखी एका डिस्कची जागा रिकामी आहे. तिथं नवीन एसएसडी बसवू, तिच्यावर वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू. जुनी डिस्क ऋषिकेशची, नवीन अपेक्षाची. चालू करताना लॅपटॉपच विचारेल, कोणाची सिस्टीम हवी. याचं सामान तिला दिसायला नको, तिचं याला नको.”

“आन ती सिस्टीम म्हंजे काय?” मी विचारलं.

“कारभारी समजा, आबा. तो असल्याशिवाय घरातलं काहीच हलत नाही.”

एका घरात दोन कारभारी आणि एकमेकांचं तोंड न बघता! मला ती कल्पना इतकी आवडली की माणसांसाठीही असं काही मिळतं का, ते मी तिला विचारून घेतलं. मिळत नाही.

नवी डिस्क आली, च्युइंगमच्या पट्टीएवढी. ज्ञानदानं ओसरीवर, चुन्याच्या रेघेवर पाट मांडून लॅपटॉप पालथा केला. इकडं रत्नाबाई, तिकडं हेमलता, दोघी अशा वाकल्या होत्या की मध्ये वाऱ्याला जागा नव्हती. झाकण उघडल्यावर ज्ञानदानं जुन्या डिस्कच्या स्क्रूला पेचकस लावला.

“ए! हात काढ!” हेमलता ओरडली.

“काकू, नवीन सिस्टीम टाकेपर्यंत जुनी बाहेर काढून ठेवते. टाकताना आत नसलेली बरी. झालं की परत बसवते.”

“आमच्या हिश्श्याला पेचकस लागायचा न्हाई. आज बाहीर काढशील, उद्या म्हनशील हरावली.”

“तुज्या डबड्याला कोन चोरतंय?” रत्नाबाई म्हणाली. “आत उंदरानं घर केलं आसंल त्याच्या.”

“उंदीर आसला तर तुमच्याच वाटनीतनं आलाय, जाऊबाई. आमच्यात मांजर हाय.”

मांजर ज्ञानदाचं होतं, पण तेही वाटणीत गेलेलं.

ज्ञानदानं माझ्याकडं पाहिलं. पंच मी. आमच्याकडं मोजणी असली की एकाचं रान मोजताना दुसऱ्याच्या बांधावर पाय पडू देत नाहीत. मी तोच कायदा लावला. म्हणालो, “न्हाई म्हनतीया तर ऱ्हाऊ दे, पोरी. जुन्या डिस्कला हात लावू नगंस.”

“बरं,” ती म्हणाली. “मग निवडताना नीट बघते.” तिनं नवी डिस्क रिकाम्या खाचेत बसवली, पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर दोन डिस्कची नावं आली. एक भरलेली, एक मोकळी. हेमलतानं भरलेल्या नावावर बोट ठेवलं ते काम संपेपर्यंत उचललं नाही. ज्ञानदानं मोकळी निवडली. सिस्टीम बसली, लॅपटॉप उठला आणि शहाण्यासारखं विचारायला लागला, हा कारभारी की तो. दिवसा अपेक्षानं घ्यायचा, दिवेलागणीनंतर ऋषिकेशनं, असं ठरलं. पावसाळा गेला, भात कापून झाला, तरी लॅपटॉपवरून एकही भांडण झालं नाही. बाकीची भांडणं त्यामुळं जास्त जोमानं झाली, तो भाग वेगळा.

मग अपेक्षाचं शेवटचं वर्ष सरत आलं. धरणकाठच्या शाळेची इमारत कशी असावी, ते तिनं काढायचं होतं. नकाशे परीक्षकांपुढं मांडायचे. नेमून दिलेल्या दुपारी मांडले नाहीत तर वर्ष पुन्हा करायचं. रत्नाबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, वर्ष गेलं तर कॉलेज बंद आणि पाहुणे बघायला येतील. म्हणून शेवटचे काही दिवस अपेक्षानं लॅपटॉप संध्याकाळीही ठेवून घेतला. तिला तशी मुभा मीच दिली होती.

हेमलताला ती मुभा ठसठसत होती. नकाशे मांडायचे त्या दिवशी सकाळी तिनं ऋषिकेशला पेचकस देऊन रेघेवर उभा केला.

“मोठी आई, आमची डिस्क द्या,” ऋषिकेश म्हणाला. “लॅपटॉप ऱ्हाऊ दे तुमाला. माजी डिस्क मी काढून नेतो, मित्राच्या लॅपटॉपला लावतो.”

“ने की,” रत्नाबाई म्हणाली. “पीडा जाईल. जाताना तुज्या आयशीलाबी ने कुटंतरी लावायला.”

अपेक्षा अंघोळीला गेली होती. कोणाचं काही बिघडत नव्हतं. ज्याची डिस्क तो नेत होता. ऋषिकेशनं आपल्याच स्क्रूला आपल्याच हातानं पेचकस लावला, डिस्क काढली, झाकण लावलं आणि डिस्क तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. भिजलेले फोन तांदळात ठेवतात ते त्यानं कुठंतरी बघितलं होतं. डिस्क कोरडीच होती, पण काळजी घेतलेली बरी.

अपेक्षा आली, लॅपटॉप उघडला, बटण दाबलं. पडदा काळा. त्यावर इंग्रजीत एकच ओळ: चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

त्यानंतर जे झालं त्याचा आवाज पौडच्या एसटी स्टँडवर ऐकू गेला आणि कंट्रोलरनं मुळशीची गाडी उगाचच रद्द केली, असं म्हणतात.

“काय काढून न्हेलंस रं मुडद्या?” रत्नाबाई.

“माजीच न्हेली! तुमची तितंच हाय, बघा की!” ऋषिकेश.

“तुमची डिस्कच पाप्याची,” हेमलता. “आमची उठली तशी मान टाकली तिनं. आमच्याच जिवावर जगत व्हती.”

हे ती नुसतं टोचायला बोलली होती. किती खरं बोलली, ते तिला माहीत नव्हतं.

अपेक्षा माझ्याकडं आली. ओठ पांढरे पडलेले. “आबा, सगळं त्यात आहे. कॉलेजात टाकलेली कॉपी मागच्या महिन्यातली आहे. दुपारी दोनला माझा नंबर आहे.”

मी रस्त्यावरून वर हाक मारली. ज्ञानदा मांजर काखेत घेऊन गॅलरीत आली. मी सगळं सांगितलं तशी तिनं कपाळावर हात मारला आणि कठड्यावरून वाकून हळू आवाजात सांगितलं,

“याच्यासाठीच मी जुनी डिस्क काढू द्या म्हणत होते, आबा. नवीन सिस्टीम टाकताना तिला जुन्या डिस्कवर तयार जागा सापडली, सुरुवात करून देण्याची. तिनं आपलं सुरू व्हायचं सामान तिथंच ठेवलं. घर अपेक्षाच्या डिस्कवर, पण दार ऋषिकेशच्या डिस्कवर. मी तेव्हा तपासायला हवं होतं. दोन्ही डिस्क आत आहेत तोवर चालतंय, म्हणून राहून गेलं.”

“मग पोरीचं काम?”

“सगळं जागेवर आहे. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप उठवायचा, तिच्याच डिस्कवर थोडी जागा मोकळी करायची आणि सुरुवात तिथं बसवायची. फार वेळाचं काम नाही.”

“मग ये की खाली,” मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

ओसरीतून हेमलताचा आवाज आला. “ये तर! रेघंपलीकडं पाऊल टाकलंस, न्हाईतर त्येंच्या लॅपटॉपला हात लावलास, तर संध्याकाळच्या आत बोचकं रस्त्यावर. मांजरासकट.”

ज्ञानदा हळूच म्हणाली, “मांजर असलेल्या माणसाला इथं कोणीच खोली देत नाही, आबा. काकूंनी दिली होती. मी काय करू?”

मी हेमलताकडं गेलो. तांदूळ निवडत बसली होती. खडे असे फेकत होती की रस्त्यावरचं कुत्रं वाट बदलत होतं.

“हेमलता, पोरीचं वरीस जातंय.”

“जाऊ दे. माज्या ऋष्याचं गेलं तवा थोरलीनं पेढं वाटलं व्हतं.”

“ते तिच्या भावाचं लगीन ठरलं म्हनून.”

“त्याच दिशी ठरायचं व्हतं व्हय? अपेक्षाचं वरीस गेलं की मी जिलबी वाटनार हाय, आबा. तुमाला दोन जास्त.”

म्हणजे दयेच्या रस्त्यानं काही जमणार नव्हतं. तो रस्ता त्या घरात कुणी काढलेलाच नव्हता. मग मला दुसरा सुचला. मी उठलो, धोतर झटकलं आणि जाता जाता सहज बोलल्यासारखं म्हणालो, “बाकी थोरलीची कमाल हाय. इतकं दिस तुज्या डिस्कवर तिनं ठान मांडलं आन तुला गंध न्हाई.”

हेमलताचा हात थांबला. “काय मांडलं?”

“ठान. ज्ञानदानं सांगितलं आत्ता. अपेक्षाच्या सिस्टीमचं दार तुज्या डिस्कवर हाय. पहिल्या दिवसापास्नं. तुजा हिस्सा, तुजी डिस्क, आन रोज सकाळी रत्नाबाईची लेक तुज्यातनं ये-जा करत व्हती. पेचकस लागू दिला न्हाईस तू, पन हे पेचकसाबिगर झालं. असू दे. मोठ्या मनाची हायेस.”

सूप उलटं झालं. तांदूळ अंगणभर. कोंबड्यांनी त्या दिवशी जी दिवाळी केली, तिच्या आनंदात आठवडाभर दोन बलकांची अंडी दिली.

“ज्ञानदाऽऽ! खाली उतर!”

ज्ञानदा उतरली.

“खरं हाय का ह्ये?”

“खरं आहे, काकू. पण तेव्हा मी काढू द्या म्हणत होते, तुम्हीच…”

“तू गप. कुनाला इचारून ठिवलं? आमच्या जागंत? काढ त्येंचं समदं. आत्ताच्या आत्ता काढ!”

ज्ञानदानं माझ्याकडं पाहिलं. मी फणसाकडं पाहत होतो. हुशार पोरगी.

“काढते, काकू. पण त्यासाठी लॅपटॉप लागेल. तो पलीकडं आहे. आणि आधी त्यांचं दार त्यांच्या डिस्कवर बसवावं लागेल, मगच तुमच्यातलं निर्धास्त काढता येईल.”

“मग बशीव! त्येंचं त्येंच्या उरावर घाल. चल पलीकडं, मी हाय संगं. ऋष्या, डिस्क आन!”

आणि वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच हेमलता चुन्याची रेघ ओलांडून थोरलीच्या ओसरीत शिरली. मागं ज्ञानदा पेनड्राइव्ह घेऊन, तिच्या मागं ऋषिकेश तांदळाच्या डब्यातून डिस्क उपसत, शेवटी मांजर.

“पाय मागं घे,” रत्नाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली.

“आदी तुमचं सामान माज्या डिस्कवरनं उचला! लाज न्हाई वाटली? दुसऱ्याच्या हद्दीत दार पाडलंत?”

रत्नाबाईला ओ की ठो कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. वाटलं, आता सुटलो. पण थोरली ती थोरलीच. तिच्या डोळ्यांत एकदम पालवी फुटली.

“आसं हाय व्हय?” ती म्हणाली. “आमचं दार तुज्यात हाय? मग न्हाई उचलत जा! इतकं दिस ये-जा केली, वहिवाट झाली आमची. पौडला तहसीलदारापुढं सांगंन. तुज्या डिस्कवर आमचा रस्ता पडला आता.”

“रस्ता? माज्या छाताडावरनं?”

“तितंबी जागा लई हाय.”

“आई,” अपेक्षा म्हणाली.

“तू गप. हक्क सोडायचा नसतो.”

“आई, तो हक्क सोडला नाही तर लॅपटॉप सुरू होत नाही!”

“न्हाई तर न्हाई! धाकटी म्हनतीया काढा, म्हंजे त्यात तिचा फायदाच आसनार. काढायचं न्हाई!”

रत्नाबाई लॅपटॉप छातीशी धरून आत चालली. आपल्या लेकीचं वर्ष स्वतःच्या हातांनी कोठीत कोंडायला निघालेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. हेमलता तिच्या पदराला लोंबकळली. दोघींच्या तोंडून जे शब्द निघाले ते ऐकून ऋषिकेशसुद्धा लाजला, आणि त्याचा अभ्यास या एकाच विषयात पक्का होता.

तेव्हा अपेक्षा आईच्या आडवी आली. ओरडली नाही. आईची बोटं एकेक करून सोडवली आणि लॅपटॉप काढून घेतला.

“डिस्क कोणाची, आबा? वाटणीत कोणाच्या नावानं दिली?”

“तुज्या,” मी म्हणालो.

“मग दार माझं. माझा हक्क मी सोडते. ज्ञानदाताई, काढा तिकडचं. काकी, पदर सोडा तिचा. आई, तू एक शब्द जास्त बोललीस तर तुझ्या त्या पाहुण्यांना मी स्वतः सांगेन तू कशी आहेस ते.”

रत्नाबाई मटकन खाली बसली. “पोटची पोर,” ती म्हणाली, “धाकटीच्या बाजूनं गेली.”

“माझ्या बाजूनं गेले,” अपेक्षा म्हणाली.

ज्ञानदानं पाट ओढला. पेनड्राइव्ह लावला, काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं टंकत गेली. अपेक्षाच्या डिस्कमधून एक लहानसा तुकडा कापून वेगळा केला.

“आमच्यातली जागा का जातीया?” बसल्या बसल्या रत्नाबाई.

“तुमच्या दाराला तुमचीच जागा जाणार, मावशी.”

मग तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा बटण दाबलं. अपेक्षानं डोळे मिटून घेतले होते. मी तिच्याकडंच बघत होतो, त्यामुळं पडदा उजळला तो मला आधी तिच्या तोंडावर दिसला. तिनं डोळे उघडले, नकाशे उघडले, शाळेच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरताना दिसल्या, आणि तिनं एकदाच जोरात नाक ओढलं.

“ते ऱ्हाऊ दे,” हेमलता म्हणाली. “आमचं?”

ज्ञानदानं ऋषिकेशच्या डिस्कवरचे तांदूळ झटकले, ती आत बसवली आणि तिच्यातून अपेक्षाच्या सिस्टीमचं सामान काढून टाकलं.

“निघालं का समदं? कोपऱ्याबिपऱ्यात काय न्हाई ना?”

“काही नाही, काकू.”

“दाव.”

ज्ञानदानं दाखवलं. तुमच्या डिस्कवरून उठवलं तर आता एकच नाव येतं, तुमचं. हेमलतानं ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, पदर खोचला आणि रत्नाबाईकडं अशी बघत ओसरीवरून उतरली, जणू कुणाचा कडेलोट करून आलीय. ऋषिकेश आपली डिस्क पुन्हा काढून घेऊन तिच्या मागून गेला.

अपेक्षा लॅपटॉप पाठीवर टाकून स्कूटीवरून निघाली. वाटेत पौडपाशी नेहमीसारखे ट्रक अडकले होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी आपोआप वाट दिली असणार. नंबर यायच्या आत पोचली. परीक्षकांनी पायऱ्यांवरून पुष्कळ फाडफाड विचारलं म्हणे. त्या घरात वाढलेल्या मुलीला त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नाही. पास झाली.

संध्याकाळी परत आली तेव्हा हेमलता दारातच उभी होती, सकाळच्या विजयाची उजळणी करत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होती, थोरलीचं ठाणं मी कसं हाकललं.

“काय गं,” तिनं अपेक्षाला टोकलं, “आलीस व्हय? आता आमच्यातनं ये-जा बंद. कळलं ना?”

मी अपेक्षाला डोळ्यानं खुणावलं, गप राहा म्हणून. पण रक्त शेवटी त्याच घरातलं.

“कळलं, काकी,” ती म्हणाली. “तुम्ही काढायला लावलंत म्हणून तर माझा लॅपटॉप सुरू झाला. नाहीतर आज माझं वर्ष गेलं होतं. तुमचे उपकार.”

हेमलतानं अपेक्षाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा अपेक्षाकडं. सकाळपासूनचा एकेक दुवा तिच्या डोक्यात जागेवर बसत असलेला मला दिसत होता, आणि शेवटचा दुवा बसायच्या आत मी माझ्या दाराला आतून कडी घातली.

बाहेर तिचा आवाज कडाडला. “ज्ञानदाऽऽ! खाली ये! त्येंचं सामान परत आमच्यात घाल! व्हतं तसं कर!”

वरची खिडकी किंचित उघडली. “काकू, माझी ऑफिसची मीटिंग चालू आहे,” ज्ञानदा म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.